मदत हवी आहे: आजीच्या जुन्या कॅसेट डिजिटल कुठे करून मिळतील?

नमस्कार मंडळी. मी वाढले न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, आता लग्नानंतर दादरला असते. ऐंशीच्या दशकात परदेशी फोन परवडायचा नाही, म्हणून गिरगावातली आजी कॅसेटमध्ये बोलून पाठवायची. ओळखीचं कुणी अमेरिकेला निघालं की मेतकूट, गोडा मसाल्याबरोबर एक कॅसेट यायचीच. त्यात शुभंकरोती, केशवजी नाईक चाळीतल्या गणपतीची आरती, मध्येच कुकरची शिट्टी, आणि "थांब हं, मासेवाली आलीय" म्हणत चालू टेपवर नुसती घासाघीस! मला मराठी आलं ते त्या घासाघिशीतून, रविवारच्या मराठी शाळेतून नव्हे.

घर आवरताना आईने ते खोकं माझ्याकडे दिलंय. बहुतेक सी-९० आहेत, म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. यांची फीत सी-६० पेक्षा पातळ, पटकन गुंतते. काहींवर पांढरी बुरशी आहे, एकीतली फीत दाबणारी फेल्टची गादी निखळलीय. चुकून वरून रेकॉर्ड होऊ नये म्हणून मागचे प्लास्टिकचे तुकडे तोडून ठेवलेत.

लॅमिंग्टन रोडला किंवा दादर-परळला फीत साफ करून हे काम नीट करणारं कुणी आहे का? तासाला काय घेतात? कुरिअरने पाठवणार नाही, समोर बसून करून देणारा हवा. एमपीथ्री नको (त्यात आवाज दाबला जातो), न दाबलेली वेव्ह फाइल हवी. स्वस्तातला यूएसबी प्लेअर कृपया सुचवू नका, त्यात वेग वरखाली होतो. कुणाकडे चालू स्थितीतला कॅसेट डेक (कॅसेट वाजवायचं यंत्र) असेल तर भाड्यानेही चालेल.