अ‍ॅन्युलस: वलय, कडे की कंकण?

प्रश्न: ‘अ‍ॅन्युलस’, ‘अ‍ॅन्युलर’ हे शब्द भूमितीत, ग्रहणाच्या बातम्यांत, शरीररचनेतही भेटतात. मूळ अर्थ काय? ‘अ‍ॅन्युअल’ म्हणजे वार्षिक, त्याच्याशी काही नाते आहे का? मराठीत काय म्हणावे?

उत्तर: वर्षाशी नाते नाही. लॅटिनमध्ये ‘आनुस’ म्हणजे कडे, आणि त्याचे लघुत्वदर्शक रूप ‘आनुलुस’ म्हणजे छोटे कडे, बोटातली अंगठी. वर्षासाठीचा ‘आन्नुस’ वेगळा: त्यात ‘न’ दुहेरी आणि पहिला स्वर ऱ्हस्व. त्याच्याच प्रभावाने पुढे ‘आनुलुस’मध्येही दुसरा ‘न’ शिरला. शरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेत मात्र एकेरी ‘न’ टिकून आहे. मणक्यांमधल्या चकतीचे बाहेरचे तंतुमय कडे तिथे ‘आनुलुस फायब्रोसस’ असे लिहितात. गुदद्वाराचे शास्त्रीय नावही याच ‘आनुस’चे. गांडुळे, जळवा यांच्या ‘अ‍ॅनेलिडा’ संघाचे नाव ‘आनेलुस’ या आणखी एका लघुरूपावरून आले, कारण त्यांचे शरीर कड्याकड्यांचे असते.

भूमितीत अ‍ॅन्युलस म्हणजे दोन एककेंद्री वर्तुळांमधला सपाट भाग. त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात. नुसत्या वर्तुळरेषेला हा शब्द लावू नये. क्षेत्रफळ काढताना हमखास होणारी चूक म्हणजे आधी त्रिज्या वजा करून मग वर्ग करणे. बाहेरची त्रिज्या ५ सेंमी, आतली ३ सेंमी असेल तर त्रिज्यांच्या वर्गांपैकी २५ मधून ९ वजा करून १६ पाय (π), म्हणजे सुमारे ५०.२७ चौ. सेंमी. आधी वजाबाकी केली की ४ पाय येते, खऱ्याच्या पाव हिस्सा.

केंद्र सापडत नसेल तर एक सुंदर वाट आहे. आतल्या वर्तुळाला जेमतेम स्पर्श करणारी बाहेरच्या वर्तुळाची जीवा मोजा. वरच्या उदाहरणात ती ८ सेंमी भरते. निम्मे ४, त्याचा वर्ग १६, गुणिले पाय. पायथागोरसचाच सिद्धांत.

भर: तेलविहिरीच्या कामात अ‍ॅन्युलस म्हणजे खोदनळी आणि तिच्याभोवतीची विहिरीची भिंत यांमधली मोकळी जागा. नळीतून खाली सोडलेला चिखल या जागेतून दगडाचा चुरा घेऊन वर येतो. तिरप्या विहिरीत नळी खालच्या बाजूला टेकते; तिथली फट अरुंद होते, प्रवाह मंदावतो, चुरा साचतो आणि नळी अडकू शकते. म्हणजे व्यवहारात हा शब्द दोन्ही केंद्रे जुळत नसतानाही चालतो. क्षेत्रफळाचे सूत्र तेव्हाही तेच, पण जीवेची युक्ती लागू पडत नाही.

पुन्हा प्रश्न: मग ‘टोरस’?

उत्तर: तो घनाकार. लॅटिन ‘टोरुस’ म्हणजे फुगवटा, उशी; स्तंभाच्या तळाशी असलेल्या फुगीर गोल पट्टीलाही हेच नाव. गाडीच्या चाकातली हवा भरलेली ट्यूब हा टोरस, आणि तिची कागदावर पडलेली सावली अ‍ॅन्युलस.

मराठीपुरते सांगायचे तर ‘कंकणाकृती’ ग्रहणात पक्का रुळला आहे. चंद्र पृथ्वीपासून दूर असल्याने सूर्यबिंब पुरते झाकत नाही आणि भोवती तेजाचे कडे उरते, त्याला हा शब्द चपखल आहे. हातातले कंकण मात्र बहुधा टोरसच्या जवळचे असते, म्हणून भूमितीत ‘कंकण’ न म्हणता ‘वलय’ किंवा ‘वलयाकृती क्षेत्र’ म्हणावे. ‘वलय’ एकेरी रेषेलाही वापरतात, तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘दोन वर्तुळांमधले’ हे शब्द जोडा.