डायल-अपचे दिवस: लाईन लागायची कशी आणि तुटायची कशी?

सड्यावरचा:
चतुर्थीआधी माळा झाडताना जुना मोडेम हाताला लागला, फोनच्या तारेवरून नेट जोडायचा तो डबा. लगेच तो कर्कश आवाज कानात सुरू. आजी विचारायची, "फोनात मांजरां झगडतत काय रे?"
साल २००१, देवगड. पावसात नेट जोडलं की दोन मिनिटांत तुटायचं. मी विंडोज ९८ दोनदा पुसून नव्याने टाकलं, ड्रायव्हरच्या सीडीसाठी कणकवलीला खेप घातली. शेवटी लाईनमन आला. त्याने कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. रिसीव्हर माझ्या कानाला लावला, "ही खरखर आयकलंस?" भिंतीवरचं रोझेट (फोनची तार जोडायची डबी) उघडलं तर स्क्रूवर हिरवा कळंक आणि आत मुंग्यांची अंडी. तारेची दोन इंच टोकं कापली, ब्लेडने खरवडून नव्याने आवळली. झालं. खाऱ्या हवेत घराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत, तार कुठली टिकायला.
तुमचे अनुभव येऊ द्या.

केळफूल:
एरर ६७८. ६७८. ६७८. पलीकडून उत्तरच नाही. ६८० आला तर निदान कळायचं, डायल टोन नाही, म्हणजे माजघरातल्या, त्याच लाईनवरच्या पॅरलल फोनवर काकी बसलीय.

आंबोळी:
गॅसवर भात आहे, पटकन लिहिते. दहावीचा निकाल, अख्खी वाडी आमच्या ओटीवर. पान अर्धं उघडलं आणि कॉल वेटिंगचा बीप, लाईन गेली. परत जोडलं, परत गेली. चार वेळा. पाचव्यांदा दादाने चिडून फोन उचलला तर मामा मुंबईहून माझाच निकाल सांगायला तळमळत होता 😂

मुंडले:
@आंबोळी किती टक्के ते सांगा आधी.

आंबोळी:
भात करपला.

वळवाचा पाऊस:
ढग गडगडले म्हणून विजेची पिन काढली, फोनची तार तशीच राहिली. वीज तिकडून आली. मोडेम गेला तो गेला, मदरबोर्डही घेऊन गेला. तेव्हापासून मे महिन्यात काळोख दाटला की आई आधी फोनची तार उपटायची, मग वाळवणं उचलायची.

गुहागरकर:
आमचं दुखणं निराळं. एक्स्चेंजचा टोन जरा वेगळा, मोडेमला तो ओळखू यायचा नाही. मोडेमच्या सेटिंगमध्ये 'वेट फॉर डायल टोन'ची खूण काढली, डायलिंग टोनवरून पल्सवर (जुन्या चकतीच्या फोनसारखं) नेलं, की टकटकटक करत लागायचा. मोडेमचा ५६ के स्पीड नावालाच, २८.८ मिळाला तरी पेढे वाटावेसे वाटत. तीन एमबीचं गाणं उतरायला पाव तास.

केळफूल:
आणि चौदाव्या मिनिटाला काकी.

मुंडले:
आमच्याकडे फोनच नव्हता. चालू द्या. चतुर्थीला कोण कोण येतंय? कोकणकन्येचं वेटिंग बघून छातीत धस्स झालं.

सड्यावरचा:
@गुहागरकर पल्सचं आधी कळलं असतं तर! मी लाईनमनचं बघून स्वतः रोझेट उघडायला लागलो. एकदा तार बोटात आणि नेमका फोन वाजला. एरवी ४८ व्होल्ट, काही जाणवत नाही, पण घंटीला त्याच्या दीडपट-दुप्पट येतात. स्टुलावरून खाली.

आंबोळी:
कोणाचा होता फोन?

सड्यावरचा:
लाईनमनचा. लाईन चालते का विचारत होता.

वळवाचा पाऊस:
त्या मोडेमचा अडॅप्टर आहे का रे? ९ व्होल्टचा असेल तर दे, माझ्या राउटरचा गेलाय.

सड्यावरचा:
आहे, पण एसी आउटपुटचा आहे. राउटर जाळशील. आणि पिनपण गंजलीय.