वरच्या दातांची मध्यरेषा २ मिमी सरकली आहे, तारा लावाव्यात का?

रेवती_क: वरच्या दोन पटाशींमधली रेघ ओठावरच्या खाचेपासून २ मिमी डावीकडे आहे. चावा नीट आहे, चघळताना त्रास नाही. डॉक्टर तारा सुचवतात, घरच्यांना मात्र काहीच खटकत नाही. शिवाय पटाशींच्या मध्ये हिरडीपाशी बारीक काळा त्रिकोण दिसतो. डॉक्टरांना दिसतं ते चारचौघांना दिसतं का?

ऑर्थो_सातारा: बरेचदा नाही. १९९९ मध्ये कोकिच, किआक आणि शापिरो यांनी हसतानाच्या फोटोंत दात मापाने बदलून ते ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारे तज्ज्ञ), साधे दंतवैद्य आणि सामान्य लोकांना दाखवले. मध्यरेषा ४ मिमी सरकवली तेव्हा कुठे ऑर्थोडॉन्टिस्टना ती खटकली; बाकी दोघांना ४ मिमीलाही नाही. म्हणून चावा चांगला असताना केवळ २ मिमीसाठी तारा लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

पण रेघ सरकलेली आहे की कललेली, हे आधी बघा. पटाशी २ मिमी कलल्या तर तिन्ही गटांना खटकल्या. दातांच्या कडांची ओळ एका बाजूला उतरली असेल तर ऑर्थोडॉन्टिस्ट आणि साध्या दंतवैद्यांना १ मिमीत कळतं, लोकांना ३ मिमीला.

रेवती_क: हे घरी कसं बघायचं?

दंतशिल्प: सेल्फी नको. जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो आणि मान जराशी कलली तरी ओळ तिरकी दिसते. दुसऱ्या कोणाला दीड मीटरवरून, फोन तुमच्या ओठांच्या उंचीवर धरून, झूम करून काढायला सांगा. दोन्ही बुबुळं एका आडव्या रेषेत हवीत. एक फोटो मोकळं हसताना, एक गाल मागे ओढून. त्यावर भुवयांच्या मधून उभी रेघ काढा: दातांमधली रेघ तिला समांतर असेल तर ती नुसती सरकली आहे, कोन होत असेल तर कललेली.

लोकांची नजर डाव्या-उजव्या फरकावर लगेच जाते. एकच पटाशी आखूड असेल तर ती आधी दिसेल. तिथे दात न कोरता काँपोझिटचा (दाताच्या रंगाच्या भरणाचा) तात्पुरता थर देऊन, बोलून-हसून बघता येतं. इंग्रजी 'एफ'सारखा 'फ' म्हणताना पटाशीची कड खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या सीमेला हलकी टेकायला हवी. ओठात रुतली तर लांबी जास्त झाली.

ऑर्थो_सातारा: त्रिकोणाचं राहिलं. त्याच अभ्यासात २ मिमीची फट ऑर्थोडॉन्टिस्टना खटकली, इतरांना ३ मिमीची. दोन दात टेकतात तिथून हाडापर्यंत ५ मिमी किंवा कमी अंतर असेल तर हिरडी बहुतेक वेळा ती जागा भरते; ७ मिमी असेल तर क्वचितच. आधी एक्स-रे काढा आणि हिरडीचा आजार नाही ना हे तपासून घ्या. मग दोन्ही दातांच्या टेकत्या बाजू पाव-पाव मिमी घासून ते जवळ आणले की टेकण्याची जागा हिरडीकडे सरकते. नाहीतर काँपोझिटने भरता येतो, पण कड हिरडीखाली खरबरीत राहिली तर तिथे कीटण साचतं आणि हिरडी सुजते. उलटंही होतं बरं का: एकमेकांवर चढलेले दात तारांनी सरळ केले की पूर्वी नसलेला त्रिकोण उघडा पडतो. तारा लावायच्या ठरवल्याच, तर हे डॉक्टरांना आधीच विचारा.