रसाळ-सुमार-महिपत नोव्हेंबरात, वाट सापडेल का?

रानभूल:
दिवाळीनंतर चौघं जण रसाळगड-सुमारगड-महिपतगड करायचं चाललंय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडला उतरून रसाळवाडीपर्यंत गाडी, पहिली रात्र गडावर झोलाईच्या देवळात. रसाळचं टेन्शन नाहीये पण पुढे सुमारच्या रानात वाट पार मोडलीय असं जो तो सांगतोय. माझ्याकडे एका मित्राचा जुना जीपीएक्स ट्रॅक (मोबाइलवर वाट दाखवणारी जीपीएस नोंद) आहे, तेवढ्यावर भागेल की वाटाड्या लागेलच?

घाटवाट्या:
ट्रॅक असू दे, पण भिस्त त्याच्यावर नको. गच्च झाडीत नि कड्याच्या पोटात मोबाइल दहा-पंधरा मीटर सहज इकडेतिकडे दाखवतो, आणि कारवीच्या उंच, दाट झुडपांत तेवढ्याने तू वेगळ्याच ढोरवाटेला लागतोस, ती मस्त मळलेली असते आणि अर्ध्या तासाने ओढ्यात नेऊन सोडते. पूर्वी वाड्यांतली गुरं त्या रानात चरायची, माणसं लाकूडफाट्याला जायची, त्यामुळे वाट राहायची. आता तरणी माणसं मुंबईला, दावणी रिकाम्या, पावसात रान माजलं की पुन्हा वाट पाडायला आहे कोण? वाटाड्या घ्याच. आणि त्याला ‘वाट माहितीये का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात, ‘यंदा पावसानंतर गेलायस का’ ते विचारा. कोयती त्याच्याकडे असतेच.

पायपीट:
+१. शिवाय खाजकुइली! त्या सुमारास शेंगा वाळायला लागतात, धक्का लागला की लव उडून मानेत. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याला रुमाल. लागलीच तर चोळत बसू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा. आणि पाणी रसाळवरूनच भरून घ्या, मधे भरवसा नाही.

रानभूल:
बाप रे. मग डिसेंबर अखेरीस जाऊ का, गवत तरी बसलेलं असेल?

घाटवाट्या:
जा की, गवत बसतं, पण कारवी वाळली तरी उभीच असते आणि सॅक अडकवते, म्हणून मॅट आडवी बांधू नका. दिवस लहान, उजाडायला निघा. दुपारी दोनपर्यंत सुमारचा माथा नाही आला तर आल्या वाटेने रसाळला परत, वाटाड्या सोबत असला तरी. महिपतला मग बेलदारवाडीकडून वेगळं जाता येतं, तिकडून वाट सोपी आहे.