थरथर चाकाबरोबर गेली का?

आमच्या सोसायटीचा ग्रुप. गुरुवार, रात्री

सुलभाताई (ए-302): नमस्कार मंडळी. चवथीला वाळपईला जायचंय. माटोळीचं सामान (गणपतीवर टांगायची फळं-पानं), सासूबाई, दोन्ही मुलं, सगळं एकाच गाडीत. आणि गाडी 70 च्या पुढे गेली की थरथरायला लागते, 90 ला जरा कमी होते. पावसाच्या सुरुवातीला बॅलन्सिंग (चाकाला छोटी वजनं लावून तोल साधतात ते) केलं होतं. दोन आठवडे बरं चाललं, मग परत तेच. गॅरेजवाल्याने चारही शॉकअप आणि इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती, बदलायला सांगितलंय. करू का? गाडी 2010 ची आहे. गेल्याच वर्षी पासिंग करून पुढची 5 वर्षं मिळालीत, एवढ्यात विकायची नाहीये.

दत्ताराम (सी-4): अलाइनमेंट करा वहिनी. माझी डावीकडे ओढायची, त्यानेच सुटली.

निशा (बी-103): आमच्याकडे टायर बदलल्यावर थांबलं होतं.

श्रीपादकाका (ए-105): सुलभाताई, शॉकअपला आणि फाउंडेशनला अजून हो म्हणू नका. दत्ताराम, तुमचं ओढणं वेगळं आणि हे वेगळं. अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा. ती बिघडली की गाडी एका बाजूला जाते, टायर एका कडेने झिजतो. ठरावीक वेगाला थरथर येते ती बहुतेक वेळा फिरणारं काहीतरी एका जागी जड झाल्यामुळे किंवा वाकडं बसल्यामुळे. ताई, एवढं सांगा: थरथर हातात येते की बसल्या जागी? ब्रेक दाबल्यावर वाढते का? उभ्या गाडीत रेस केली तर येते का? आणि 75 ला असताना क्लच दाबून न्यूट्रल केलं तर थांबते का?

सुलभाताई (ए-302): हातात फारशी नाही काका. सीटखाली येते, मागे बसलेल्यांना जास्त. ब्रेकने फरक नाही, उभ्या गाडीत काही नाही. न्यूट्रल करून कधी बघितलं नाही.

श्रीपादकाका (ए-105): उद्या बघा. सरळ रस्ता, मागे कोणी नको, आणि चावी अजिबात बंद करायची नाही, नाहीतर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतील. दोन-तीन सेकंद न्यूट्रल, बस.

शुक्रवार, दुपारी

सुलभाताई (ए-302): म्हापशाला जाताना गिरीच्या सरळ रस्त्यावर केलं. न्यूट्रलमध्येही तशीच थरथरत होती. वेग कमी झाला तशी आपोआप गेली.

श्रीपादकाका (ए-105): मग इंजिन, क्लच, फाउंडेशन यांच्याकडे बोट दाखवायचं कारण उरलं नाही. इंजिन मोकळं सोडलं तरी जे थांबलं नाही, ते इंजिनाचं नाही. गाडीच्या वेगाबरोबर येतं-जातं, म्हणजे चाकांकडेच बघायचं. हातात आलं तर पुढची चाकं, सीटखाली आलं तर मागची. हा नियम दर वेळी बरोबर निघेल असं नाही, पण सुरुवात तिथून करावी.

मनाली (सी-104): काका, हे आकड्यातही पकडता येतं. आमच्या गाडीच्या टायरवर खडूची खूण करून पार्किंगमध्ये एक फेरा ढकलली, 1.7 मीटर भरले. ताईंचा टायर साधारण तेवढाच. 80 चा वेग म्हणजे सेकंदाला 22 मीटर, म्हणजे चाकाचे 13 फेरे. इंजिन 3000 आरपीएमला असेल तर सेकंदाला 50 फेरे. फोनमधल्या सेन्सरचं अॅप सुरू करून फोन सीटवर सपाट ठेवला तर कंपनं मोजता येतात. 13 च्या आसपास आलं तर चाक, 50 कडे गेलं तर इंजिन.

श्रीपादकाका (ए-105): मनाली, फार उपयोगाची गोष्ट सांगितलीस. मी हे हाताने ओळखतो, थरथर जाड असते आणि इंजिनाची गुणगुण बारीक. पण आकडा हाती असला की गॅरेजमध्ये बोलता येतं.

आता माझ्या गाडीचं लिहितो. लांबेल, पण सगळं वाचा, कारण ताईंचं "दोन आठवडे बरं, मग परत तेच" वाचून मला माझंच आठवलं.

माझी वॅगन आर 2007 ची. 75 ते 90 मध्ये स्टिअरिंग थरथरायचं आणि ब्रेक लावला की पायालाही धडधड लागायची. तीन वेळा बॅलन्सिंग केलं. प्रत्येक वेळी मशीनवर आत-बाहेर दोन्हीकडे शून्य दिसायचं आणि आठ-दहा दिवस गाडी छान चालायची. मग लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याची रबरं, बदलायला लावले. त्याने काही झालं नाही. त्यानंतर एक्सल बदला म्हणाले, तेव्हा मी हात आखडला.

पहिला धागा सापडला तो गाडी धुताना. डिचोलीकडे आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, तिथली वाट पावसात कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. पाइप खालून आत धरला तर रिमच्या आतल्या अंगाला, बाहेरून दिसतच नाही अशा ठिकाणी, लाल मातीचा थर. दोन बोटं रुंद आणि जवळजवळ अर्ध्या रिमभर. जांभ्याची माती ती, वाळली की विटेसारखी होते. स्क्रूड्रायव्हरने खरवडली. मूठभर निघाली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर 70 ग्रॅम भरली. बॅलन्सिंगवाला रिमला वजनं लावतो ती 5, 10, 20 ग्रॅमची असतात. त्याने चाक न धुताच मशीनवर चढवलं, म्हणजे मातीसकट तोल साधला होता. पुढे एखाद्या पावसात त्यातली थोडी माती सुटली की सगळा हिशोब मोडायचा. दहा दिवस बरं वाटून पुन्हा सुरू होण्याचं कारण हे. तेव्हापासून बॅलन्सिंगला जाताना मी चाकं आतून धुऊन, कोरडी करूनच नेतो. हे सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं, याला पैसाही लागत नाही.

माती काढून, परत बॅलन्स करूनही थोडी थरथर उरलीच. मग पुढची दोन्ही चाकं मागे घातली, मागची पुढे. दोष चाकात असता तर तो चाकाबरोबर मागे जायला हवा होता. तो गेला नाही, स्टिअरिंगमध्येच राहिला. चाक हललं आणि थरथर जागची हलली नाही, म्हणजे चाक जिथे बसतं त्या जागेत काहीतरी होतं.

पुढची बाजू जॅकवर घेऊन खाली स्टँड लावले. विटेला पेन्सिल बांधली आणि टोक रिमच्या काठाजवळ, जेमतेम कागद जाईल एवढं अंतर ठेवून उभं केलं. चाक हाताने हळू फिरवलं. उजव्या चाकाला फट एका जागी मिटायची आणि समोरच्या बाजूला दीड मिलिमीटरभर उघडायची. चाक काढलं. दोन बोल्ट सोडून कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, बाजूला घेतला आणि तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला, कारण तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवला तर पाइप खराब होतो. ब्रेकची डिस्क निघेना. त्या डिस्कला आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात 8 मिलिमीटरचे बोल्ट आलटून पालटून आवळत गेलं की डिस्क स्वतःला हबवरून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी चकतीवरून, ढकलते. टक्क आवाज होऊन सुटली. मागे बघतो तर हबच्या तोंडावर गंजाची पापडी, एका बाजूला नखाएवढी जाड, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच. आपल्याकडची खारी हवा, चार महिने ओल, आणि आठवडाभर उभी राहणारी गाडी. हबवर अर्धा मिलिमीटर वाकडं असलं तर रिमच्या काठापर्यंत जाता जाता ते अडीच पट होतं. डिस्कही त्याच गंजावर वाकडी बसलेली, म्हणून ब्रेकला धडधड.

मशीनवर शून्य आणि रस्त्यावर थरथर का, ते तिथे उलगडलं. मशीनवर चाक मशीनच्या स्वच्छ दांड्यावर बसतं, गाडीवर ते माझ्या गंजलेल्या हबवर बसत होतं. वायर ब्रशने हब आणि डिस्कची मागची बाजू लोखंड दिसेपर्यंत घासली, वर पॉलिश पेपर मारला. हबच्या तोंडावर कॉपर ग्रीसचा हात फिरवला, अगदी पातळ. नटांच्या आट्यांना आणि डिस्कच्या घासणाऱ्या भागाला ग्रीसचा थेंब लागता कामा नये. नट समोरासमोरचे आवळले, टॉर्क पान्याने 85 न्यूटन मीटरला, आणि 100 किलोमीटर झाल्यावर परत तपासले. पेन्सिलची फट सगळीकडे सारखी आली. त्यानंतर आजपर्यंत स्टिअरिंग शांत आहे. नवा पार्ट एकही घातला नाही.

दत्ताराम (सी-4): काका, हे मला पहिल्यांदा कळलं. स्टँड माझ्याकडे दोन आहेत, वापरा.

श्रीपादकाका (ए-105): हवेतच. जॅक सरकतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. ताई, उद्या सकाळी 7 ला खाली या. तुमचीही चाकं पुढे-मागे करून बघू.

सचिव: चाकं धुताना कृपया बोअरवेलचा नळ वापरा, टाकीचा नको.

शनिवार

श्रीपादकाका (ए-105): ज्यांना उत्सुकता होती त्यांच्यासाठी. सुलभाताईंच्या चारही चाकांत माती होती, मागच्या दोन्हीत जास्त. धुतली, मग मागची पुढे आणि पुढची मागे. पुढची दोन चाकं काढलीच होती म्हणून तिथले हब बघून घेतले. थोडा तांबेरा, पापडी नाही. तरी घासले. फेरी मारायला दत्ताराम आणि ताई गेले.

सुलभाताई (ए-302): सीट एकदम शांत! पण 65 लाच स्टिअरिंग हातात नाचायला लागलं, मी लगेच वेग कमी केला.

श्रीपादकाका (ए-105): म्हणजे ताईंच्या गाडीत थरथर चाकाबरोबर गेली. माझ्या गाडीच्या बरोबर उलट. तुमचे हब, शॉकअप, फाउंडेशन सगळे सुटले, दोष त्या दोन चाकांपैकी एकात. परत जॅकवर घेतली आणि पेन्सिल या वेळी रिमला नाही, टायरच्या नक्षीसमोर धरली. डावं चाक ठीक. उजवं फिरवलं तर रिम सरळ फिरतो आहे आणि टायर मात्र एका जागी वर येऊन पेन्सिल ढकलतो आहे. तिथे तळवा फिरवला तर हातभर लांबीचा उंचवटा लागला, डोळ्यांनी तो पटकन दिसत नाही. टायरच्या आत तारांचा पट्टा असतो, तो रबरापासून सुटायला लागला की असं होतं. हा टायर कितीही बॅलन्स केला तरी गोल होणार नाही.

सुलभाताई (ए-302): पण नक्षी अजून भरपूर होती हो. मला तर टायर नवेच वाटायचे.

श्रीपादकाका (ए-105): नक्षी बघून वय कळत नाही. टायरच्या बगलेवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. तुमच्यावर 2316 होतं, म्हणजे 2016 सालचा 23 वा आठवडा. आपल्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी राहते आणि रबर म्हातारं होतं. ताई, या टायरवर वाळपई नाही. तो पट्टा भर रस्त्यात सुटला तर टायर फुटू शकतो. मुलं आणि सासूबाई गाडीत असताना मी तुम्हाला जाऊ देणार नाही. आजच दोन नवे घ्या आणि नवे मागे लावायला सांगा. ओल्या रस्त्यावर मागची पकड गेली तर गाडी फिरते, ती सावरणं फार कठीण. मागचे हब आज बघितले नाहीत, ते दुकानातच चाकं उतरतील तेव्हा घासून घ्या. आधी पुढे होते त्या दोन टायरवरचे आकडेही मला पाठवा.

सुलभाताई (ए-302): आधी पुढे होते ते 0821. टायरच्या दुकानातच आहे. त्यांना चाकं आतून दाखवली, रिम स्वच्छ आहेत म्हणाले.

निशा (बी-103): मी पण खाली जाऊन आमचे आकडे बघितले. 4419. घाबरायचं का?

श्रीपादकाका (ए-105): घाबरू नका, पण बगलेला बारीक भेगा आहेत का ते उजेडात बघा आणि नक्षीवरून तळवा फिरवा. रविवारी मीही बघतो.

बुधवार

सुलभाताई (ए-302): पोचलो. साखळीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर 80 केली, मागच्या सीटवरचा नारळसुद्धा हलला नाही. सासूबाई होंड्यापर्यंत झोपल्या. काका, मनाली, दत्ताराम, देव बरें करूं. शॉकअपचे पैसे वाचले त्यात दोन टायर आले, वर उरले. तुम्हा तिघांसाठी नेवऱ्या घेऊन येते.

मनाली (सी-104): मी टायर बदलायच्या आधी आणि नंतर दोन्ही रीडिंग घेतलीत. आधी आलेखात 13 वर मोठा खांब होता, आता तिथे जवळपास सपाट. दोन्ही फोटो टाकते.

दत्ताराम (सी-4): काका, माझी गाडी ओढत नाही आता, पण ब्रेक लावला की पायाला धडधड आहे. मी डिस्क बदलणार होतो.

श्रीपादकाका (ए-105): थांबा. आधी डिस्क काढून तिच्या मागे बघू. चवथ झाल्यावरच्या रविवारी, सकाळी 7, निशाताईंच्या टायरनंतर. स्टँड तुमचे, वायर ब्रश आणि 8 चे बोल्ट माझ्याकडे आहेत. येताना जुनं बनियन आणा पुसायला.