गिटला पॅच पाठवायचा तर अजून ईमेलच का?

मुलुंडकर

कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट न वापरणारा प्रोग्रामर आज मुंबईत शोधून सापडायचा नाही. बीकेसीतल्या बँका घ्या नाहीतर मरोळच्या दोन खोल्यांतलं स्टार्टअप घ्या, सगळीकडे तेच. पण खुद्द गिटमध्ये काही दुरुस्ती करून पाठवायची म्हटली की वेबसाइटवरून 'माझा बदल घ्या' म्हणायची पुल रिक्वेस्ट चालत नाही. बदलाचा पॅच, म्हणजे कुठल्या ओळी काढल्या-घातल्या ते दाखवणारा मजकूर, बनवायचा, साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये घालायचा आणि सगळ्यांना दिसेल अशा ईमेल यादीवर टाकायचा. तिथं जगभरातली मंडळी ओळीओळीखाली शेरे लिहितात, मग दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती. 2005 पासून हेच चाललंय.

मी दर शनिवारी दादरला इंजिनिअरिंगच्या काही मुलांना ओपन सोर्सचं शिकवतो. गूगल समर ऑफ कोडला, म्हणजे नवख्यांना ओपन सोर्समध्ये आणणाऱ्या गूगलच्या उपक्रमात, गिटकडे अर्ज करायचा तर ते आधी एखादा छोटा बदल करून दाखवा म्हणतात. बदल खरंच एवढासा असतो. चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये 'टेस्ट -एफ' असेल तिथं 'टेस्ट_पाथ_इज_फाइल' लिहायचं. फाइल सापडली नाही तर पहिलं मुकाट नापास होतं, दुसरं कारण सांगून नापास होतं. मुलांना हे पाच मिनिटांत कळतं. घोडं अडतं ते पुढे, पाठवताना. जीमेलनं 2022 मध्ये नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद केलं, म्हणून टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) चालू करा, ॲप पासवर्ड (त्या प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड) काढा. कॉलेजच्या लॅबमध्ये मेल पाठवायचा 587 पोर्ट बंद, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. ब्राउझरमधून चिकटवून पाठवलं तर टॅबचे स्पेस होतात, ओळी तुटतात आणि पॅच लागतच नाही. एचटीएमएल मेल तर सर्व्हर दारातूनच परत धाडतो. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं सरळ विचारलं, "सर, हे लोक मुद्दाम करतात का?"

माझं मत: मुद्दाम नसेल, पण परिणाम तोच होतो. गिटनं पुल रिक्वेस्ट थेट घ्यायला सुरुवात करावी. विरोधी मतांचं स्वागत आहे, फक्त "आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा" हे नको.

रिबेसराव

असहमत. आणि सोसण्याचा मुद्दा मी काढतही नाही.

पुल रिक्वेस्टमध्ये सगळ्यांची नजर पहिली जाते ती एकूण फरकावर. आतले कमिट, म्हणजे नोंदवलेले एकेक बदल, "फिक्स", "फिक्स अगेन", "आता तरी चालू दे" असे असले तरी कुणी हटकत नाही, शेवटी सगळं एकत्र दाबून टाकलं की झालं. ईमेलमध्ये प्रत्येक कमिटचं वेगळं पत्र असतं, आणि त्यात सगळ्यात वर असतो तो कमिटचा संदेश. म्हणजे कोड वाचायच्या आधी तुमचं म्हणणं वाचलं जातं, आणि त्यातल्या वाक्यांवरही शेरे येतात: काय केलं ते खाली दिसतंयच, का केलं ते लिहा. मी स्वतः बारा ओळींच्या बदलावर तीन परिच्छेदांचा संदेश पाहिलाय, आणि एकही ओळ फुकट नव्हती. उद्या कुणी 'ब्लेम' करून, म्हणजे ही ओळ कुठल्या कमिटनं आली ते शोधत, तिथं पोचलं तर मूळ माणसाला शोधत बसावं लागत नाही. 'बायसेक्ट' करताना, म्हणजे बिघाड कुठल्या कमिटनं आणला ते इतिहास अर्धा अर्धा करत शोधताना, प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे बिल्ड व्हावा लागतो, म्हणून पॅच लहान आणि क्रमानं लागतात. हे सगळं ज्या टूलनं जगाला दिलं, त्याच्याच घरी ते पाळायचं नाही?

दुसरं, मालकीचं. गिट जन्मलं कशामुळे? लिनक्स कर्नलवाले 2002 पासून बिटकीपर हे अशाच कामाचं टूल वापरत होते, फुकट पण कंपनीच्या अटींवर. 2005 मध्ये कंपनीनं ती फुकट सोय काढून घेतली आणि लिनक्सच्या टॉरवाल्ड्सनं एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. जुलैपासून जुनिओ हमानो सांभाळतात, ते आजतागायत. इतकं पोळल्यावर पुन्हा एका कंपनीच्या दिवाणखान्यात बैठक मांडायची? कोड ठेवायची गूगलची साइट, गूगल कोड, 2016 ला बंद झाली. पुल रिक्वेस्टवालं गिटहब 2018 पासून मायक्रोसॉफ्टचं आहे, आणि 2019 मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराणमधल्या लोकांची खाती तिथं अडकली होती. ईमेलला कुणाचं खातं लागत नाही. यादीचं सभासदही व्हावं लागत नाही, पत्र टाका की झालं.

मुलुंडकर

रिबेसराव, गिटहबच पाहिजे असं मी कुठे म्हटलं? स्वतःच्या सर्व्हरवर तसलंच गिटलॅब चालवता येतं. मर्क्युरियल हे गिटसारखंच टूल गिटच्याच महिन्यात जन्मलं, तेही आधी ईमेलनंच पॅच घ्यायचं. मग वेबवरच्या फॅब्रिकेटरवर गेलं, नंतर गिटलॅबवर बेतलेल्या हेप्टापॉडवर. आभाळ कोसळलं नाही.

आणि इराणच्या मुलाची काळजी करताना कांजूरमार्गच्या मुलाचीही करा. "खातं लागत नाही" म्हणता, पण ॲप पासवर्ड हे खात्याचंच झंझट ना?

रिबेसराव

मर्क्युरियलचं आभाळ आधीच रिकामं झालं होतं हो. कोड ठेवणाऱ्या बिटबकेट साइटनंसुद्धा 2020 मध्ये त्याला रामराम केला. टूल बदलून गेलेली माणसं परत येत नाहीत एवढंच त्यातून सिद्ध होतं.

स्लो_लोकल

मी डोंबिवली ते सीएसएमटी रोज जातो. विंडो सीट मिळाली नाही तरी फोनवर पॅच वाचून होतात, कारण मेल आधीच उतरवून घेतलेलं असतं. उत्तर लिहायचं, नेटवर्क आलं की आपोआप जातं. ऑफिसच्या पुल रिक्वेस्टचं पान मात्र मुंब्र्याच्या बोगद्यात जे गोल फिरायला लागतं ते कळव्यापर्यंत फिरतंच. रिबेसरावांना +१. बाकी तात्त्विक चर्चा तुमची चालू द्या.

विक्रोळीची_वीज

दोघांच्याही बोलण्यात गिटगिटगॅजेट कसं नाही? गिटहबवर गिटची जी प्रत आहे तिथं नेहमीसारखी पुल रिक्वेस्ट उघडायची. पहिल्यांदा येणाऱ्याला आधीपासून परवानगी असलेल्या कुणीतरी '/अलाऊ' लिहून आत घ्यावं लागतं. मग आपण '/सबमिट' लिहायचं, की ते यंत्र आपले कमिट नीट पॅच करून यादीवर धाडतं. टॅब मोडत नाहीत, पोर्ट लागत नाही. यादीवर आलेली उत्तरं पुल रिक्वेस्टखाली येऊन पडतात. गिटच्या दस्तऐवजांत नवख्यांसाठी एक धडाच आहे, लुटुपुटीची एक कमांड बनवून ती पाठवेपर्यंत हात धरून नेणारा. त्यात ही वाट आणि गिटमधूनच मेल पाठवणाऱ्या 'सेंड-ईमेल'ची वाट, दोन्ही दाखवल्यात. मुलुंडकर सर, शनिवारी मुलांना हे दाखवता का?

मुलुंडकर

दाखवतो, वीजताई. पण अर्धी गोष्ट राहिली. यादीवरचं उत्तर पुल रिक्वेस्टखाली येतं, आपण तिथं खाली लिहिलेलं उत्तर मात्र यादीवर जात नाही. मुलं बिचारी तिथंच "थँक्यू, बदलतो" लिहून वाट बघत बसतात आणि समोरच्याला वाटतं पोरगं पळालं. संवाद करायचा तर पुन्हा मेल आलंच.

विक्रोळीची_वीज

हो, ते खरंय. पण साधं उत्तर जीमेलमधून प्लेन टेक्स्ट मोड लावून देता येतं. त्याला ना 587 लागतो ना ॲप पासवर्ड. पाठवण्यातलं अवघड काम यंत्रानं केलं, उरलं ते पत्राला उत्तर देणं. त्याला 'लोकांना बाहेर ठेवणारी पद्धत' म्हणणं मला जरा जास्त वाटतं.

आठचा_टॅब

धागा वाचून एक वाटलं. भांडण दरवाजा किती रुंद असावा यावर चाललंय, आत बसायला जागा आहे का हे कुणी बघत नाही.

जुनिओ नियमितपणे एक पत्रक काढतात, 'व्हॉट्स कुकिंग' नावाचं. कुठला विषय कुठे पोचलाय ते त्यात असतं. नवा पॅच आधी 'सीन' शाखेत बसतो, तिथं असणं म्हणजे फक्त नजरेखाली असणं. मत जुळलं की 'नेक्स्ट', मग 'मास्टर'. त्या पत्रकात एखाद्या विषयापुढे "परीक्षण हवं" असं लिहिलेलं दिसतं, आणि ते पुढच्या पत्रकातही तसंच असतं. म्हणजे पॅच येतायत, वाचायला माणसं नाहीत. उद्या पुल रिक्वेस्टची मुभा दिली तर 'टेस्ट -एफ' बदलणारे एका ओळीचे पॅच ढिगानं येतील आणि तेच चार-दोन लोक ते उपसत बसतील. मुलुंडकर साहेब, राग मानू नका, पण समर ऑफ कोडसाठी एक पॅच टाकून पसार होणारी मुलं आणणं म्हणजे योगदान वाढवणं नव्हे.

मुलांना आधी परीक्षण करायला लावा. वाटतं तेवढं अवघड नाही. एक नमुना देतो: चाचणीत 'गिट लॉग'चा आउटपुट पाइपमधून, म्हणजे थेट, मजकूर शोधणाऱ्या 'ग्रेप'ला दिलेला असतो. शेल पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच निकाल धरतं. म्हणजे हवी ती ओळ छापून झाल्यावर गिट कोसळलं तरी 'ग्रेप'ला ओळ सापडलेली असते आणि चाचणी पास होते. गिटची चाचणी, आणि गिट मेलेलं कळत नाही! उपाय सोपा आहे. आधी आउटपुट फाइलमध्ये घ्या, मग 'ग्रेप' करा. दुसऱ्या वर्षाचं पोरही हे पकडू शकतं.

मुलुंडकर

राग नाही, पण "पसार होणारी" हे लागलं. परीक्षेच्या तोंडावर मुलं गायब होतात, ती सगळ्याच कामांतून होतात.

परीक्षणाचं पटलं, पण आपल्याकडे ते कसं उतरणार? ज्या पोरानं वर्गात कधी सरांना "हे चुकलंय" म्हटलं नाही, ते वीस वर्षं सी लिहिणाऱ्या माणसाच्या पॅचखाली जगजाहीर शेरा मारणार? हॉटस्पॉटचा प्रश्न त्यापुढे किरकोळ आहे, हे मान्य.

रिबेसराव

म्हणजे आता ईमेलचा प्रश्न किरकोळ झाला? धाग्याचं शीर्षक बदला मग.

मुलुंडकर

त्यापुढे किरकोळ म्हटलंय, नुसतं किरकोळ नाही. अर्धं वाक्य उचलून लढायची सवय यादीवर लागली वाटतं.

पहिलावहिला

मी मुलुंडकर सरांकडचाच. ॲप पासवर्ड एकदा काढला की विषय संपतो. मला अडचण दुसरीच वाटली. पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' म्हणून नाव आणि मेल घालायचं, म्हणजे हे काम द्यायचा मला अधिकार आहे अशी सही. ते पत्र संग्रहात कायमचं राहतं, खोडता येत नाही. पहिल्याच पॅचवर मला सात शेरे आले, एक तर विषयओळीच्या शेवटच्या पूर्णविरामावर. पुढे कुठे नोकरीला गेलो आणि कुणी माझं नाव शोधलं तर हेच दिसणार. पुल रिक्वेस्ट निदान बंद करून विसरता तरी येते.

आठचा_टॅब

मित्रा, बंद केलेली पुल रिक्वेस्टसुद्धा शोधली की सापडते. आणि मी मुलाखती घेतो. सात शेरे येऊनही दुसरी आवृत्ती पाठवणारा मुलगा दिसला तर मी पुढचे दोन प्रश्न विचारतच नाही.

पहिलावहिला

तुम्ही विचारत नसाल. कॅम्पसला येणाऱ्या सगळ्याच कंपन्या संग्रह उघडून वाचतात असं नाही. तिथं ॲप्टिट्यूडचा पेपर असतो.

विक्रोळीची_वीज

हाहा, हे खरं! पण पूर्णविरामाच्या शेऱ्याला अपमान समजू नकोस. विषयओळीच्या शेवटी पूर्णविराम देत नाहीत हा तिथला लेखी नियम आहे, जुन्याजाणत्यांनाही सांगतात. आणि तिथं 'सर' कुणीच नाही, सगळे पहिल्या नावानं. मी पहिल्यांदा शेरा न मारता प्रश्नच विचारला होता, "इथं पाइप असताना गिटचा निकाल कुठे तपासला जातो?" उत्तरात पुढची आवृत्ती आली.

रिबेसराव

पहिलावहिला, दुसरी आवृत्ती पाठवली नसशील तर पाठव. पॅच बनवणाऱ्या 'फॉरमॅट-पॅच' कमांडला 'रेंज-डिफ'चा पर्याय दे, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत नेमकं काय बदललं ते पत्रातच दिसेल आणि वाचणाऱ्याला सगळं पुन्हा चाळावं लागणार नाही. जुन्या पत्राला उत्तर म्हणूनच टाक, वेगळी सुरुवात नको. सातांपैकी जो शेरा पटला नसेल तो मुकाट्यानं मान्य करू नकोस, का पटला नाही ते लिही.

पहिलावहिला

पाचवा पटला नाही. लिहितो. त्यांनी दोन बदल वेगळ्या पॅचमध्ये करा म्हटलंय, पण पहिला एकटा लावला तर चाचणी पडते.

रिबेसराव

मग क्रम उलटा करून बघ आधी.