स्त्री गाईडला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ: अजिंठ्याच्या सहलीचं माहितीपत्रक मराठीत करतेय. त्यात 'सोबत परवानाधारक स्त्री गाईड असेल' असं वाक्य आहे. मी 'मार्गदर्शिका' लिहिलं. संपादकांनी विचारलं, प्रत्येकाला पुस्तिका मिळणार का? त्यांचंही खरं आहे, या शब्दानं आधी छापील पुस्तिकाच डोळ्यांपुढे येते. 'वाटाड्या' सुचवला, तर म्हणाले लेण्यांत वाट चुकतंय कोण? शिवाय बाईला वाटाड्या कसं म्हणायचं? सुचवा.

कारवी: वाटाड्याच लिहा. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात आहे तो. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढताना आम्ही बेलपाड्यातून वाटाड्या घेतो, गाईड नव्हे. दगडगोट्यांच्या त्या घळीत कुठे डावीकडे सरकायचं ते त्यालाच ठाऊक. आणि तो नुसती वाट दाखवत नाही. कारवी यंदा फुलणार की नाही, पाणी कुठल्या टाक्यातलं प्यायचं, सगळं सांगतो. नाव-नावाडी, खेळ-खेळाडू, तसा वाट-वाटाड्या. घरचा शब्द असताना हात का पसरायचे?

माळरान: नावाडीपर्यंत ठीक, खेळाडू ओढून आणलात. आमचे आजोबा म्हणत, आडवाटेचा जाणता तो वाटाड्या.

कारवी: मग 'आडवाट्या' झाला असता.

सातबारा: व्युत्पत्ती राहू द्या. गावात हे काम कोणाच्या माथी यायचं, ते आधी बघा. साहेबाचा दौरा आला की वाट दाखवायला, ओझं वाहायला, निरोप पोचवायला महारांना बोलावणं यायचं, रात्री-अपरात्रीसुद्धा. वतनाचं काम, नाही म्हणायची सोय नव्हती. १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. ही वतनं गेली ती १९५८च्या कायद्यानं. माझे पणजोबा हे काम करत. आमच्या घरात हा शब्द कुणी कौतुकानं उच्चारत नाही. अभ्यास करून परवाना मिळवलेल्या बाईंना तो चिकटवू नका.

कारवी: इतिहास मान्य आहे, पूर्ण मान्य. पण आज तिथला तरुण स्वतःचा दर स्वतः ठरवतो आणि स्वतःला वाटाड्या म्हणवतो. त्याच्याकडून शब्द काढून घ्यायचा का?

सातबारा: त्याचा त्याला राहू दे. मी पत्रकाबद्दल बोलतोय.

तीर्थावळ: हा व्यवसाय इंग्रजांबरोबर आला असं धरून का चाललोय आपण? थॉमस कुकनं लेस्टरहून पहिली रेल्वेसहल काढली १८४१ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून काशी, गया, त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये यात्रेकरूला उतरवून घेत, जेवायची सोय बघत, कुठल्या कुंडावर काय करायचं ते सांगत, स्थळाचं माहात्म्य ऐकवत. त्र्यंबकला आमच्या उपाध्यांनी गाव आणि आडनाव विचारलं, कापडात बांधलेली लांबट वही सोडली आणि पणजोबांची मोडीतली सही पुढ्यात ठेवली. कुठला गाईड एवढं करतो?

पाथेय: उपाध्याला यजमान गावावरून, कुळावरून ठरलेला. गाईड मिळेल त्या गटाबरोबर जातो. दोन्ही कामं एक नव्हेत. आणि सरकारची भाषाही आता बदलतेय. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा केला की 'टुरिस्ट फॅसिलिटेटर' असं प्रमाणपत्र मिळतं. त्याचं मराठी 'सुविधाकार' केलंत तर सोय तेवढी उरते, सांगणं जातं. माझं मत 'माहितगार'. स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो.

रंगशाळा: मी याच कामात आहे, म्हणून लिहिते. माहितगार नको. माहिती आता फोनवरही मिळते, आणि लोक तोंडावर विचारतात, तुमची गरज काय? पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धाची मोठी मूर्ती आहे. प्रकाश एका बाजूनं टाकला की ओठांवर हसू दिसतं, दुसऱ्या बाजूनं टाकला की चेहरा गंभीर होतो, समोरून टाकला की ध्यानस्थ. हे आधी सांगून टाकलं तर मजा जाते. मी काहीच बोलत नाही, फक्त प्रकाशाची बाजू बदलायला लावते आणि थांबते. मग गटातलंच कुणीतरी 'अरे!' म्हणतं. वीज नव्हती तेव्हा बाहेर आरसे धरून ऊन आत पाठवायचे, तेही याच कामाचा भाग. आम्ही आपसात गाईडच म्हणतो, पर्यटक 'गाईड मॅडम' म्हणतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

कारवी: दोन्ही शब्द इंग्रजी. असंच चाललं तर मराठीत उरेल काय?

माळरान: 'हमाल' अरबीतून आला, मराठी बुडाली नाही. जी बाई रोज उभी राहून हे काम करते, तिनं स्वतःला काय म्हणवायचं ते तिनंच ठरवावं.

कारवी: हमालाला पर्याय नव्हता. इथे आहे.

तीर्थावळ: परदेशी गटांबरोबर जाणाऱ्यांना 'दुभाष्या' का नको? जुना, मानाचा शब्द. १६७४ला शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हा नारायण शेणवी दुभाष्या म्हणूनच सोबत होता.

पाथेय: शेणवी नुसते दुभाषी नव्हते, बोलणीही करत. त्या काळी अशा माणसाला वकील, म्हणजे दूत, म्हणत.

तीर्थावळ: वकील म्हणजे दरबारानं नेमलेला. शेणवी कंपनीच्या नोकरीत होते, त्यांना वकील कसं म्हणणार?

पाथेय: कंपनीसुद्धा वकील पाठवायचीच की.